साठ अडकित्ते आणि एक हॉल

प्रश्न: आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. वन बीएचके, कार्पेट साडेचारशे फुटांच्या आतच. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि यंदा दहावीत गेलेली मुलगी. सासरे दीड वर्षापूर्वी गेले. त्यांना जुन्या वस्तूंचा भारी नाद. साठेक अडकित्ते, बारा-तेरा दिवे (समया, दोन लामणदिवे, एक कंदील), चुन्याच्या डब्या, पानाचे डबे आणि काडेपेट्यांच्या छापांचे सात अल्बम मागे ठेवून गेले. इतकी वर्षं हे सगळं माळ्यावर आणि दिवाणात होतं. आता ह्यांचं म्हणणं, बाबांचा संग्रह असा अडगळीत पडलेला बरा दिसत नाही, हॉलची एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाला देऊन टाकू. त्याच भिंतीशी मुलीचं अभ्यासाचं टेबल आहे. सासूबाई काहीच बोलत नाहीत. भांड्यांच्या दुकानदाराने मोडीचा भाव सांगून ठेवलाय. अमेरिकेतले दीर म्हणतात, पुढच्या फेरीत चार-पाच चांगले अडकित्ते मी घेऊन जातो. मला काहीच टाकायचं नाही, पण घराचं म्युझियमही नको. सगळं नीट दिसेल आणि घर घरासारखं राहील, असं काही करता येईल का? मांडण्याआधी सगळं चिंचेने लख्ख करून घेणार आहे. सोबत फोटो पाठवतेय.
एक वाचक, डोंबिवली

ताई,

सगळं दिसणार नाही. सुताराला बोलावण्याआधी हा निकाल लागलेला बरा. साडेचारशे फुटांत साठ अडकित्ते, डझनभर दिवे आणि सात अल्बम मांडलेत, तर चार माणसं कुठे मांडायची हा प्रश्न उरेल.

आणि सगळं एकदम दिसायलाच हवं, असा नियम तरी कुणी केला? पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं असेल तुम्ही. तुमच्या सासऱ्यांनी तर नक्कीच पाहिलं असणार, अडकित्त्यांचा नाद असलेला माणूस तिथे गेल्याशिवाय राहत नाही. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. आज तिथे वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि त्यातल्या मांडलेल्या आहेत सुमारे २,५००. म्हणजे अख्खी इमारत हाताशी असून आठातली एक वस्तू बाहेर आणि सात आत. आत असलेल्या सातांना कुणी अडगळ म्हणत नाही. तुमच्या यजमानांना हे एवढं जरूर सांगा. ‘दिवाणात आहे म्हणजे बाबांची किंमत नाही’ हे त्यांच्या मनात बसलंय, ते तिथून हलल्याशिवाय काचेच्या कपाटाचं माप कमी होणार नाही.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. चैत्रगौरीची आरास आठवा. गौर झोपाळ्यात बसते चैत्र शुद्ध तृतीयेला, उठते अक्षय्य तृतीयेला, पण खरी आरास हळदीकुंकवाच्या एका संध्याकाळपुरती. पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरी चादर, मग पेटीतली चांदीची भांडी, लाकडी बाहुल्या, मण्यांची तोरणं, कातरलेलं कलिंगड. बायका येतात, आंब्याची डाळ खातात, पन्हं पितात, ‘हे तबक गेल्या वर्षी नव्हतं मांडलं’ म्हणून बरोब्बर ओळखतात. दुसऱ्या दिवशी सगळं पुसून परत पेटीत. वर्षभर दिसत नाही म्हणूनच त्या दिवशी बघायला मजा येते. शोकेसमध्ये पंचवीस वर्षं एकाच जागी उभ्या असलेल्या ताजमहालाकडे घरातलं कुणी शेवटचं कधी बघितलंय?

तेव्हा माझं म्हणणं असं: एका वेळी दहा-बारा अडकित्ते, एक-दोन दिवे आणि भिंतीवर काडेपेट्यांची एक चौकट. बाकीचं आत, पण नीट. आणि वर्षातून तीनदा, पाडव्याला, गौरी-गणपतीला आणि दिवाळीला, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत. तसंही त्या वेळी घर आवरायला निघतंच.

आता सुरुवात कुठून करायची ते. पाऊस संपून हवा कोरडी झाली की एका रविवारी हॉलमध्ये सतरंजी टाका आणि सगळं खाली काढा. एक जाडसर वही घ्या. प्रत्येक वस्तूला नंबर, मोबाइलवर दोन फोटो, आणि वहीत तीन-चार ओळी: कुठून आली, कुणी दिली, साधारण कधी. नंबर वस्तूवर चिकटवायचा नाही, पेनाने लिहायचा तर मुळीच नाही. जाड कागदाचा लहानसा तुकडा पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधायचा. स्टिकरचा गोंद पितळेवर असा डाग सोडतो की पुढची पिढी तो घासत बसते.

वहीत भरायच्या ओळी तुम्हाला कोण सांगणार? सासूबाई. ‘त्या काहीच बोलत नाहीत’ असं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. पण तुमच्याच तिसऱ्या फोटोच्या कडेला एक सुरकुतलेला हात आलाय, हातात मऊ फडकं, समईचं बूड पुसतोय. तो हात तुमच्या दहावीतल्या मुलीचा नाही. त्या बोलत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलेलं नाही असा माझा अंदाज आहे. प्रत्येक वस्तू उंबऱ्याच्या आत येताना त्यांनी पाहिलीय. कुठला अडकित्ता महिनाअखेरीला आला आणि त्यापायी त्या महिन्यात घरात काय यायचं राहिलं, हेही त्यांच्या लक्षात असेल. संग्रह करणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, त्याच्या संसाराचा ताळेबंद मात्र दुसरंच कुणीतरी सांभाळत असतं. तेव्हा त्यांना सतरंजीवर नाही, खुर्चीवर बसवा, नातीला वही घेऊन शेजारी बसवा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. आणि पहिल्या मांडणीत काय असावं, हे त्यांनाच निवडू द्या. त्यांनी एखाद्या वस्तूबद्दल ‘ही मला नको डोळ्यांसमोर’ म्हटलं, तर कारण विचारू नका.

निवडताना सगळ्यांत भारी दहा शोधायला जाऊ नका. ज्यांच्याबद्दल पाहुण्याला दोन वाक्यं सांगता येतील ते दहा घ्या. तुमच्या दुसऱ्या फोटोतला पोपटाचा अडकित्ता घ्या उदाहरणाला. मोठा करून बघितला मी. मूठ पितळी, पातं लोखंडी. एका मुठीवर पिसांच्या बारीक कोरीव रेघा जशाच्या तशा आहेत, दुसरीवर त्या झिजून जागा अगदी गुळगुळीत झालीय, साधारण अंगठ्याच्या पेराएवढी. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे अंगठा टेकवून सुपारी कातरलीय. हा अडकित्ता मिटवून, सरळ रांगेत, दहा भावंडांबरोबर लटकवलात तर ते कुणाच्या बापाला दिसणार नाही. चार बोटं उघडा ठेवा, झिजलेली मूठ समोर करा, पातं खाली. शेजारी चुन्याची डबी आणि एक छोटा पानाचा डबा ठेवा. तुमच्या मुलीच्या मैत्रिणींनी अडकित्ता चालताना पाहिलेला नसणार. सुपारी, चुना, पान हे सगळं एकत्र दिसलं की वस्तूचा उपयोग आपोआप कळतो, पाटी लावावी लागत नाही. पुढच्या खेपेला घोड्याचे, मोराचे, घुंगरांचे काढा. जामनगरच्या सुड्या असतील तर त्या एकत्र मांडा. गुजरातेत अडकित्त्याला सुडी म्हणतात आणि जामनगर त्यासाठी नावाजलेलं आहे. सासऱ्यांनी तिकडून काही आणलं होतं का, हे सासूबाईंना माहीत असेल.

जागा. हॉलची ती भिंत विसरा. मुलीचं टेबल हलणार नाही, निदान दहावीच्या वर्षी तरी नाही, आणि खरं तर नंतरही नाही. गेलेल्या माणसाच्या वस्तूंसाठी जिवंत माणसाची जागा काढून घेतली की त्या वस्तूंवर राग धरायला सुरुवात होते. उद्या तीच मुलगी हा संग्रह सांभाळणार आहे किंवा मोडीत घालणार आहे. तिला आत्तापासून शत्रू कशाला करताय?

तुमच्या फोटोत हॉलमधून आत जाताना एक पॅसेज दिसतो. उजवीकडची भिंत रिकामी आहे, कॅलेंडर सोडून. ऊन तिथे पोचत नाही आणि स्वयंपाकघरही जरा लांब आहे. फोडणीचा चिकटा हा कोरीव पितळेचा सगळ्यांत मोठा वैरी, त्यावर धूळ बसली की रेघांमधून निघता निघत नाही. फक्त एक तपासून घ्या: त्या भिंतीमागे बाथरूम आहे का? असेल तर प्लॅस्टिकचा फूटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि दोन-तीन दिवस ठेवा. आतून दव धरलं तर ती भिंत बाद.

भिंत कोरडी निघाली तर कपाट करा, पण उथळ. इथे सुतार तुमचं ऐकणार नाही. त्याचा हात पंधरा इंच खोलीला बसलेला असतो. मिटलेला अडकित्ता वीतभर लांब आणि दोन बोटं जाड. उभा लटकवला तर त्याला चार इंच खोली रग्गड झाली. बाहेरून मोजून पाच इंच, रुंदी तीन फूट, जमिनीपासून साडेतीन फुटांवर सुरू होऊन सहा फुटांपर्यंत. पाच इंच पॅसेजमध्ये अडत नाहीत, पंधरा इंच रोज खांद्याला लागतील. दार बाहेर उघडणारं नको, सरकती काच घ्या. पाठीला फिकट कापड: मांजरपाट चालेल, दोनदा धुऊन खळ काढलेलं. लाल मखमल सुतार सुचवेलच, त्याला सोन्याच्या दुकानात जाऊन लाव म्हणावं. अडकवायला पितळी खुंट्या, त्यांना सुती दोरा गुंडाळलेला. रबराची नळी चढवू नका, रबरातल्या गंधकाने धातू काळवंडतो. आणि कपाट तयार झालं की लगेच भरू नका. नव्या प्लायचा, गोंदाचा, पॉलिशचा वास जाईपर्यंत महिनाभर उघडं रिकामं राहू द्या. त्या वाफा काचेत कोंडल्या की धातूवर डाग धरतात.

पैसे घालण्याआधी एक करा. तीन फूट बाय अडीच फूट पुठ्ठा कापून त्या भिंतीवर आठवडाभर लावून ठेवा, त्याला खालीवर पाच इंचांची खोकी चिकटवा. सासूबाई रात्री उठून आत जाताना त्यांचा हात तिथे लागतो का, गॅस सिलिंडर न्यायला जागा उरते का, हे त्या आठवड्यात कळेल.

भिंतीत ठोकताना खिळे नकोत. ड्रिल, गिट्टी (भोकात बसवून स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) आणि स्क्रू. तुमची इमारत जुनी विटांची असेल तर काम सोपं. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी धरत नाही, त्यासाठीची वेगळी मिळते, हार्डवेअरवाल्याला भिंत कसली ते सांगून मागा. पितळ लोखंडाहूनही जड असतं, हे अंदाज बांधताना लक्षात ठेवा.

म्हणूनच दिवे कपाटात नकोत. समयांची एक जोडी देवाजवळ जमिनीवर असू द्या आणि सणावाराला लावा. वापरातली वस्तू अशी मांडावी लागत नाही, ती घरातच असते. बाकीच्या समयांचे भाग फिरवून सुटे होतात, तसेच सुटे करून ठेवलेत तर जागा निम्मी लागते. पण एका समईचे भाग दुसरीत जाऊ देऊ नका, आटे जुळत नाहीत आणि जोर केला की झिजतात. एक लामणदिवा मात्र नक्की टांगा. तो लटकण्यासाठीच घडवलेला असतो, टेबलावर ठेवला की केविलवाणा दिसतो. हॉलच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं डोकं जात नाही तिथे, स्लॅबला नीट अँकर हूक मारून घ्या. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला टांगलात तर कधीतरी सीलिंगसकट खाली येईल. पेटवणार असाल तर पडदा लांब आणि पंखा बंद. कंदील बाल्कनीच्या आतल्या बाजूला ठेवा, त्याच्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

आता काडेपेट्या. ताई, तुमच्या यादीत हे सगळ्यांत शेवटी होतं आणि माझ्या मते घरातली सगळ्यांत नाजूक गोष्ट हीच आहे. पितळ सगळ्यांच्या नंतरही राहील, ह्या कागदांचं तसं नाही. डोंबिवलीत राहून माणूस काडेपेट्यांचे छाप जमवतो यात नवल नाही म्हणा, चार-पाच स्टेशनं पुढे अंबरनाथला विम्को या काडेपेट्यांच्या कंपनीचा कारखाना होता. कंपनी १९२३ सालची. तिची जहाज छाप पेटी घराघरात असायची. त्याच सुमाराला तिकडे शिवकाशीत काडेपेट्यांचा धंदा उभा राहिला आणि पुढे तिथल्या छोट्या कारखान्यांनी वाघ, कमळ, किल्ली, नट्या, क्रिकेटपटू, जे सुचेल ते छापलं. तुमच्या अल्बमांत हे सगळं असणार.

हे मूळ छाप भिंतीवर लावू नका. उजेडाने शाई उडते, आणि एकदा उडाली की गेली. त्यांचे चांगले फोटो किंवा स्कॅन काढा आणि ए-थ्री कागदावर रंगीत छापून घ्या. एक छाप साधारण पाच सेंटिमीटर बाय साडेतीन, म्हणजे एका कागदावर मूळ आकारात चाळीसेक सहज बसतात. ती चौकट मुलीच्या टेबलावरच्या भिंतीला लावा. तिचीच निवड असू द्या, प्राण्यांचे घेईल नाहीतर जहाजांचे. वर्षाने कंटाळा आला तर दुसरा कागद. प्रत लावली म्हणजे खोटं झालं असं यजमान म्हणतील, त्यांना म्हणावं, मूळ बघायचं असेल तर अल्बम काढून मांडीवर घ्या. तसे ते बघायचेच असतात, जवळून, एकेक पान उलटत.

अल्बम कसले आहेत ते मात्र बघा. चिकट पानं आणि वर प्लॅस्टिकची पारदर्शक झिल्ली असलेले, लग्नाच्या फोटोंसाठी एके काळी सर्रास मिळणारे अल्बम असतील तर वाईट. त्यांचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. त्यातले जे छाप सहज सुटतील तेवढेच सोडवा आणि बिनआम्ली कागदाच्या अल्बममध्ये, पोस्टाची तिकिटं ठेवतात तसे, न चिकटवता ठेवा. जे सुटत नाहीत ते ओढू नका, पान तसंच कापून ठेवा. सासऱ्यांनी खळीने चिकटवले असतील तर कसरीचं फावतं, तिला खळ फार आवडते. डांबराच्या गोळ्या अल्बममध्ये टाकू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला रंग बघा. निळ्याच्या गुलाबी झाल्या की त्यांचं काम संपलं, गरम करून वाळवल्या की परत चालतात. अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, माळ्यावर तर नकोच. दिवाणात, मधोमध.

अल्बमांबरोबर भरलेल्या पेट्याही असतील, असतातच. त्या रिकाम्या करा. काडीच्या टोकाला पोटॅशियम क्लोरेट आणि पेटीच्या बाजूला तांबडा फॉस्फरस, दोघं एकमेकांना घासले की काय होतं ते आपण रोज गॅसपाशी बघतो. शेदोनशे भरलेल्या पेट्यांवर गादी टाकून कुणी झोपू नये.

साफसफाईबद्दल आपलं भांडण होणार आहे. तुम्ही लिहिलंय की मांडण्याआधी सगळं ‘चिंचेने लख्ख करून’ घेणार आहात. रोजच्या तांब्या-पेल्याला चिंच ठीक. जुन्या कोरीव कामाला नको. चिंच, लिंबू, पावडर, सगळ्यांचं काम एकच: वरचा थर खाणं. दर वेळी थोडं पितळ त्याबरोबर जातं, आणि पहिलं काय जातं तर तीच पिसांची रेघ. तपकिरी झाक म्हणजे घाण नव्हे, ती राहू द्या. कोरडं मऊ फडकं, फटींत जुना मऊ ब्रश, बस्स. चमक हवीच असेल तर सासूबाईंच्या समईच्या जोडीला द्या.

दिव्यांच्या वाटीत आणि सांध्यांत हिरवट मेणचट थर दिसेल. तेल आणि तांबं यांच्या संगतीने तो धरतो. तो काढायला हवा. बांबूची काडी टोकदार करून हळूहळू खरवडा, लोखंडी सुई नको, मग कोमट पाण्यात जरासा सौम्य साबण. नंतर पूर्ण वाळवा, सांध्यांतलं पाणी केस वाळवायच्या यंत्राने उडवा. अडकित्त्यांना पाणी लावूच नका, पातं गंजेल आणि खिळीत पाणी शिरलं तर तो पुन्हा उघडायचा नाही. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पुसट हात द्या. खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं.

आणि जे आत जाणार, ते धुतलेल्या जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांत एकेकटं गुंडाळून. वर्तमानपत्रात नाही, रबरबँड लावून नाही. डबा प्लॅस्टिकचा असला तरी चालेल, पण भरताना दिवस कोरडा हवा, नाहीतर ओल आपणच आत कोंडतो. प्रत्येक डब्यावर वहीतले नंबर लिहा. पुढच्या पाडव्याला मांडणी बदलायची तेव्हा साठ पुड्या उघडाव्या लागल्या, तर त्या पाडव्यानंतर कुणी ती बदलणार नाही.

यजमानांबद्दल थोडं. अख्ख्या भिंतीचं कपाट हा फर्निचरचा प्रश्न नाही, हे तुम्हाला कळलंच असेल. दीड वर्षच झालंय. त्यांच्याशी इंचांवरून वाद घालू नका. वहीचं काम त्यांच्याकडे द्या, फोटो त्यांना काढू द्या, आणि मांडणी बदलायची तारीख त्यांनी ठरवावी. गौरीला नाहीतर दिवाळीत घरचे जमतील तेव्हा पॅसेजसमोर उभं राहून त्यांनीच चार गोष्टी सांगाव्यात. बाबांचा संग्रह दिसावा म्हणजे त्यांना बहुतेक एवढंच हवंय.

साठांमधले काही एकसारखे असतील, दोन-तीन अगदी जुळे. ते भाचरांना, पुतण्यांना एकेक द्या, वहीतल्या ओळी लिहिलेल्या कागदासह. संग्रहालयाला द्यावंसं वाटलं तर आधी विचारा, हवंय का म्हणून, आणि दिलेली वस्तू मांडली जाईलच अशी अपेक्षा ठेवू नका. वरचं आठातल्या एकाचं गणित तिथेही लागू आहे.

दिरांना आता पत्र नाहीतर व्हॉट्सॲप करून टाका. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ म्हणून एक कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी घडवलेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती वडिलांची का असेना. हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. अडकित्ता तेवढा जुना नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला मिळवता येतो, फेरी ठरण्याआधी त्याची तजवीज करा. पात्याची वस्तू हातातल्या बॅगेत चालणार नाही हेही कळवा. बाकी त्यांनाही बाबांचं काही हवंय, ते रास्त आहे. वयाने लहान अडकित्त्यांमधला एखादा त्यांना निवडू द्या, आणि वहीची प्रत पाठवा. आवरताना एखादी जुनी धातूची मूर्ती निघाली तर त्याच कायद्याखाली तिची नोंदणी करावी लागते का, तेही त्याच कार्यालयात विचारून घ्या.

मोडीवाल्या दुकानदाराला मात्र आजच नाही म्हणून सांगा. तो वजन करतो, कोरीव रेघ त्याच्या काट्यावर चढत नाही. अगदीच कधी विकायची वेळ आली, तरी वही भरून झाल्यावर, आणि सासूबाईंना विचारून.